यंत्राचा पदच्छेद

कागदाच्या चिठोऱ्यावर 'शिक्षा' हा एकच शब्द लिहिला आहे, अशी कल्पना करा. मराठी माणूस तो वाचून दचकेल. हिंदी भाषकाला मात्र शाळा आठवेल. अक्षरे तीच, परंतु वाचणारा कोणत्या भाषेत आहे हे कळल्यावाचून अर्थ ठरत नाही. ही अडचण संगणकाच्या अंतरंगातही आढळते, हे मला एका रात्रीच्या फजितीतून उमगले.

संगणकाचा प्रोसेसर आज्ञा वाचतो त्या आकड्यांच्या रूपात. इंटेलचा १६ बिटी ८०८६ हा प्रोसेसर १९७८ साली आला. १९८५ साली त्याच घराण्यात ३२ बिटी ८०३८६ जन्मला आणि २००३ साली एएमडीने त्याला ६४ बिटी केले. जुने प्रोग्रॅम वाया जाऊ नयेत म्हणून वाचनाच्या जुन्या रीतीही नव्या प्रोसेसरात राखल्या गेल्या. या रीतींना 'मोड' म्हणतात.

आता ७२ हा आकडा घ्या. १६ किंवा ३२ बिटी मोडमध्ये त्याचा अर्थ 'ठरावीक रजिस्टरातून एक वजा कर'. ६४ बिटी मोडमध्ये तोच आकडा 'पुढील आज्ञा ६४ बिटांवर पार पाड' एवढेच सुचवितो. एकीकडे क्रियापद, दुसरीकडे क्रियाविशेषण! १८४ या आकड्याची गंमत याहून मोठी. तो म्हणतो, 'पुढची संख्या उचल'. पण १६ बिटी मोडमध्ये ती संख्या दोन बाइटांची, तर ३२ बिटीमध्ये चार बाइटांची. मोड चुकला की पदच्छेदच चुकतो आणि पुढच्या आज्ञाही भलत्या जागी तुटतात.

चालत्या प्रोग्रॅमला वाटेत थांबवून त्याच्या पोटातले दाखविणारे साधन म्हणजे डीबगर. आभासी यंत्र म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. फाब्रिस बेलार यांचे २००३ मधील क्यूएमयू हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याला जीडीबी हा डीबगर बाहेरून जोडता येतो. मात्र असा डीबगर मुळात एकेका प्रोग्रॅमसाठी घडलेला, आणि साधा प्रोग्रॅम सहसा आरंभापासून अंतापर्यंत एकाच मोडमध्ये राहतो. अख्खे यंत्र तसे नसते. ते १६ बिटीत जागे होते, ३२ बिटीत शिरते आणि पुढे ६४ बिटीत स्थिरावते.

मी यंत्र सुरू करणारा ५१२ बाइटांचा एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता. डीबगरमध्ये पाहतो तो मी कधीच न लिहिलेल्या आज्ञा! चांगल्या ओळी खोडून मी तीनदा नव्याने लिहिल्या. शेवटी स्मृतीतील आकडे मूळ फाइलशी ताडून पाहिले, तर एकही चुकलेला नव्हता. डीबगरला मी ३२ बिटी वाचन सांगून ठेवले होते आणि यंत्र १६ बिटीत होते. चूक माझीच होती.

दुसरा घोटाळा पत्त्याचा. १६ बिटी मोडमध्ये पत्ता दोन भागांत असतो: पहिल्याला १६ ने गुणून त्यात दुसरा मिळवायचा. १९८४ आणि ० मिळून ३१७४४. डीबगर पहिला भाग विसरला, तर तो पत्ता ० वर जाऊन पाहतो. तेथे आज्ञा नसून दुसऱ्या पत्त्यांची यादी असते. ती तो आज्ञा समजून वाचतो.

मोड कधी बदलला हे ओळखणेही सोपे नाही. सीआर० नामक रजिस्टरातील एक बिट १ केला की प्रोसेसर संरक्षित मोडमध्ये जातो. परंतु 'दूरची उडी' घेऊन नवा विभाग स्वीकारीपर्यंत आज्ञांचे वाचन १६ बिटीच राहते. म्हणजे केवळ तो बिट पाहून निर्णय करणारा डीबगरही त्या क्षणी फसतो. त्याने चालू विभागाचे वर्णनही पाहावयास हवे.

ही माहिती खुद्द आभासी यंत्राजवळ असतेच. बॉक्स या आभासी यंत्राचा डीबगर त्याच्या आतच असल्याने त्याला ती आयती मिळते. बाहेरून जोडलेला डीबगर यंत्राचे वर्णन सामान्यतः जोडणीच्या वेळी विचारतो आणि पुढे तेच धरून चालतो. म्हणून मोड बदलला की आपण हाताने सांगावे, किंवा जोडणी तोडून पुन्हा करावी. खरा उपाय हाच की, यंत्र थांबेल त्या प्रत्येक वेळी डीबगरने 'तू आता कोणत्या मोडमध्ये आहेस?' असे विचारावे.

त्या रात्री मी पाऊण तास बरोबर ओळी दुरुस्त करीत होतो. आता काही निरर्थक दिसले की खोडण्यापूर्वी मी आधी मोड विचारतो.