रोमन अंगठीतला कोरीव खडा: समज आणि वस्तुस्थिती

संग्रहालयाच्या काचेमागे नखाएवढा लाल खडा दिसतो. त्यात एखादी देवता किंवा गरुड कोरलेला असतो. रोमन लोकांना नटण्याची केवढी हौस, असे आपण म्हणतो आणि पुढे सरकतो. हौस त्यांना होतीच, पण अंगठीतला हा खडा बहुधा मालकाची सही असे. पत्रावर, करारावर, मृत्युपत्रावर तो मेणात किंवा ओल्या मातीत दाबला जाई. घरातले खाणेपिणेसुद्धा चोरीच्या भीतीने अंगठीने मोहोरबंद करावे लागते, अशी तक्रार इ.स. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने केली आहे. ठसा घ्यायचा, म्हणून चित्र दगडात खोल आणि उलटे कोरत. ते सुलटे उमटते ठशात, आणि कारागिराच्या मनातले खरे चित्र तेच. जाणकार संग्रहालये खड्याशेजारी त्याचा ठसाही मांडतात. आपण आधी तो ठसा पाहावा.

सम्राट ऑगस्टसची मुद्रा आधी स्फिंक्सची होती, मग अलेक्झांडरच्या चेहऱ्याची आणि शेवटी स्वतःच्या. ही शेवटची मुद्रा डायोस्कुरिडीसने कोरली आणि पुढच्या सम्राटांनीही ती वापरात ठेवली, असे चरित्रकार स्वेतोनिअस सांगतो. डायोस्कुरिडीस हे नाव ग्रीक आहे. या कलेतल्या नामवंतांपैकी अनेक जण ग्रीक होते. त्यांच्या कामाला सरसकट ‘रोमन कारागिरी’ म्हटले, की त्यांचे श्रेय बुडते.

उठावाचे कोरीवकाम, म्हणजे कॅमिओ, हा वेगळा प्रकार. त्याचा ठसा घ्यायचा नसे, तो मिरवायचा. व्हिएन्नातला ‘जेम्मा ऑगस्टिया’ सुमारे 19 बाय 23 सेंटिमीटरचा आहे, तो तर कोणाच्या अंगावर मावणारही नाही. पांढरा आणि गडद असे दगडाचे दोन थर वापरून त्यात आकृत्या उठवल्या आहेत.

इतका कठीण दगड टोकदार हत्याराने खरवडून कोरत असतील, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तो झिजवला जाई. सामत्यासारख्या कमानीने फिरणाऱ्या बारीक लोखंडी टोकाला तेल आणि कुरुंदाची पूड लावत. कापण्याचे काम पूड करी, लोखंड तिला फक्त फिरवी. लोखंडात बसवलेल्या हिऱ्याच्या कपच्यांचा उल्लेखही प्लिनीत आहे. दगडाची निवडही नुसत्या रंगावरून होत नसे. काही खडे ठसा घेताना मेण ओढून घेतात, सार्डोनिक्स मात्र मेणातून स्वच्छ सुटतो, हे प्लिनीने नोंदवले आहे.

हे सगळे श्रीमंतांचे चोचले होते, हा समज तर पुराव्यापुढे टिकतच नाही. वेल्समधल्या कार्लिऑन येथे रोमन सैन्याच्या स्नानगृहाच्या गटारात 88 कोरीव खडे सापडले. खडे कोंदणात चिकटवलेले असत. वाफेने आणि गरम पाण्याने चिकटा सुटे आणि खडा पाण्याबरोबर वाहून जाई. ज्यांना दगड परवडत नसे, त्यांच्यासाठी साच्यात ओतलेल्या काचेचे खडे होते आणि लोखंडी अंगठ्याही होत्या.

चित्रविचित्र आकृती दिसली की ‘जादूचा ताईत’ म्हणण्याचीही घाई होते. तसे ताईत होतेच: कोंबड्याचे डोके आणि पायांच्या जागी साप असलेली आकृती त्यांवर वारंवार येते. पण त्यांवरची अक्षरे बहुधा सुलटी कोरलेली असतात, थेट वाचण्यासाठी. अक्षरे उलटी असतील, तर तो खडा शिक्क्याचा असण्याची शक्यता जास्त.

हे दगड रोमच्या आसपासच मिळत, हा गैरसमज आपल्याला तरी नसावा. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठणहून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात येणाऱ्या मालात ऑनिक्स या कोरण्याच्या दगडाचा उल्लेख आहे, आणि तोही मोठ्या प्रमाणातल्या मालाचा. मार्ग बिनरस्त्याच्या प्रदेशातून जाई, सुमारे वीस दिवसांचा. सातवाहनांचे पैठण रोमन सोनाराच्या बाजारपेठेशी असे जोडलेले होते.

साम्राज्य संपल्यावर खडे टाकून दिले गेले नाहीत. जर्मनीत आखेनच्या खजिन्यात इ.स. 1000 च्या सुमाराचा ‘लोथारचा क्रूस’ आहे. त्याच्या मध्यभागी ऑगस्टसचा प्राचीन कॅमिओ बसवला आहे.

मात्र जुन्या अंगठीतला प्रत्येक कोरीव खडा रोमन नसतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपात नकला भरपूर झाल्या. राजपुत्र स्तानिस्वाव पोन्याटोव्स्की याच्या संग्रहात अडीच हजारांच्या आसपास खडे होते. त्यांतले बहुतेक त्याने आपल्या काळातल्या कारागिरांकडून करवून घेतले होते आणि त्यांवर प्राचीन कलावंतांच्या सह्या होत्या. 1839 मध्ये लंडनला त्यांचा लिलाव होईपर्यंत संशय पसरला होता. त्यांतल्या अनेकांचे काम सुंदर आहे, आणि आज ते त्यांच्या काळातली कला म्हणूनच अभ्यासले जातात.