कात्रजचा ओढा आणि बॅटऱ्यांचा कचरा

पुणे शहराच्या पाणीपुरवठ्याची पहिली मोठी योजना कात्रजला झाली. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास आंबिल ओढ्यावर तलाव बांधले आणि तेथील पाणी बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत आणले. एका तलावात गाळ बसावा आणि निवळलेले पाणीच पुढे जावे, अशी तिची रचना होती. वस्तू घरात येण्याआधीच तिच्यातील गाळाचा विचार करण्याची ही दृष्टी आज विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बाबतीत आपण दाखवीत आहोत काय, असा प्रश्न पडतो.

या वाहनांविषयी आकस बाळगण्याचे कारण नाही. पुण्याच्या परिवहन महामंडळाने फेब्रुवारी २०१९ पासून विजेवरच्या बसगाड्या आणल्या. कात्रजच्या चौकातही हिरव्या क्रमांकपट्टीची वाहने आता नवलाची राहिलेली नाहीत. चौकात धूर कमी झाला, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. तथापि या वाहनाचा धूर नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते, हेही लक्षात ठेवावयास हवे. आपली बरीचशी वीज अद्याप कोळशावरच निर्माण होते. बॅटरीसाठी लागणारे लिथियम चिलीच्या अटाकामा वाळवंटात भूगर्भातील खारे पाणी उपसून व ते उन्हात आटवून काढतात. ज्या प्रदेशात मुळातच पाणी दुर्मिळ, तेथे ही उधळपट्टी चालते. जगातील बहुतेक कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येते आणि त्यांपैकी काहींत लहान मुले राबतात. आपल्या चौकातील स्वच्छ हवेची किंमत अशी दुसरेच कोणी मोजीत असतात.

परंतु खरी कसोटी पुढे आहे. बॅटरी कधी ना कधी निकामी होणारच. मोबाइल, लॅपटॉप आणि मुलांची खेळणी यांतील लहान बॅटऱ्या तर आजच घरोघरच्या कचऱ्यात पडत आहेत. ही बॅटरी चिरडली वा भोसकली गेली, तर आतल्या आत तापून पेट घेते. तिच्यातील द्रावातून हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू निघू शकतो. मार्च २०२२ मध्ये लोहगाव परिसरात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली, तेव्हा हा धोका पुणेकरांनी पाहिला. कचऱ्यातील बॅटरीचा पहिला चटका मात्र कचरावेचक स्त्रीच्या हाताला बसतो.

कायदा नाही असे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, त्या जमिनीत पुरण्यास व जाळण्यास मनाई केली, आणि त्यांतील धातू परत मिळविण्याचे प्रमाण २०२६-२७ पर्यंत ९० टक्क्यांवर नेण्याचे ठरविले. उद्दिष्ट स्तुत्य आहे. पण बॅटरी कारखान्यापर्यंत पोचणार कशी? मोटारीची शिशाची जुनी बॅटरी कोणी फेकून देत नाही, कारण नवी घेताना तिचे पैसे वळते होतात. लिथियमच्या लहान बॅटरीला भंगारवाला असा भाव देत नाही. त्यातच लोह-फॉस्फेटाच्या नव्या बॅटऱ्यांत कोबाल्ट नसते. खाणीच्या दृष्टीने हे भाग्यच. पण महाग धातू नसल्याने त्यांच्या पुनर्प्रक्रियेतला नफाही घटतो. म्हणजे केवळ बाजारावर विसंबून हे काम होणार नाही.

यावर उपाय अवघड नाही. बॅटरी विकतानाच ठेव घ्यावी आणि जुनी परत आणणाऱ्यास ती द्यावी. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात व बसस्थानकावर संकलन केंद्र असावे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीपासून 'स्वच्छ' सहकारी संस्थेपर्यंत कचरावेचकांनी जे संघटन उभारले, त्याला हे काम योग्य शिक्षण, सुरक्षेची साधने व वाजवी मोबदला देऊन सोपवावे. हा खर्च कचरावेचकांच्या माथी न मारता उत्पादकांकडून वसूल करावा.

कात्रजचा आंबिल ओढा शहर ओलांडून मुठेला मिळतो आणि ते पाणी भीमेतून उजनीच्या धरणात जाते. सप्टेंबर २०१९ च्या पुरात या ओढ्याने आपली वाट कशी मोकळी केली, हे काठच्या वस्त्यांनी जीव गमावून पाहिले. ओढ्यात पडलेली वस्तू पडल्या जागी राहत नाही. निकामी बॅटऱ्यांचे ढीग साचण्यापूर्वी त्यांची वाट आपण आखून दिली नाही, तर ती ओढाच आखून देईल.