नवा संगणक गप्प का?
उन्हाळ्याच्या सुटीत नागपुरात सुटे भाग आणून आपण शाळेसाठी संगणक जोडला. पंखे फिरतात, पडदा मात्र काळाच. मदरबोर्ड गेला असे म्हणायची घाई नको. प्रोसेसरला वीज देणारी 4 किंवा 8 पिनांची वेगळी तार पुष्कळदा लावायची राहते. ती आधी पाहू. मग वीज बंद करून रॅमच्या सर्व पट्ट्या काढू. (मे महिन्यातील कोरड्या हवेत अंगावर स्थितिक विद्युत साठते, आधी पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा.) मदरबोर्डला छोटा स्पीकर जोडून बटण दाबू. बीप वाजले तर आनंदच! रॅम नसल्याची तक्रार करणारा बायोस हा प्रोग्रॅम प्रोसेसरच चालवतो. म्हणजे प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही जिवंत आहेत. आता पुन्हा वीज बंद करून एकच पट्टी खाचेत ‘टक्’ आवाज होईपर्यंत दाबून बसवू.