थोरवाल्डसेनच्या कोरण्या

कोपनहेगनचे थोरवाल्डसेन संग्रहालय १८४८ मध्ये उघडले. बेर्टेल थोरवाल्डसेन (१७७०–१८४४) या डॅनिश शिल्पकाराची प्लास्टरची आणि संगमरवरी शिल्पे हा तिथला मुख्य ऐवज. त्यांच्याबरोबर त्याची मातीकामाची हत्यारेही जपली आहेत. पेणच्या मूर्तिकाराला दाखवली तर तो त्यांना कोरण्याच म्हणेल.

लाकडी कोरणी साधारण वीतभर लांब. एक टोक अंगठ्यासारखे पसरट, माती दाबायला आणि सारखी करायला. दुसरे निमुळते, पापणीची कड किंवा ओठांमधली फट काढायला. काहींच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. ते फिरवले की उंचवटे खरवडले जातात, खोलगट जागा कोऱ्या राहतात आणि माती कुठे भरायची ते डोळ्यांना कळते. युरोपात बॉक्सवुड पसंत केले जाई. त्याचे तंतू इतके घट्ट की ओल्या मातीत राहूनही कूस निघत नाही. लोखंडाला मात्र गंज चढतो.

लाकूड थोरवाल्डसेनला घरचेच होते. त्याचे आइसलँडिक वडील जहाजांच्या नाळेवरच्या आकृत्या कोरत.

१७९७ पासून चाळीसेक वर्षे तो रोममध्ये राहिला. तिथल्या कार्यशाळेत तो कल्पना मातीत उतरवी. मातीवर प्लास्टरचा साचा चढे, आणि साचा काढताना माती मोडे. साच्यात ओतलेल्या प्लास्टरच्या प्रतीवरून मापे घेऊन संगमरवर घडवताना छिन्नी बहुतेक वेळा मदतनिसांच्या हातात असे. म्हणून त्याच्या हाताचा माग काढायचा तर चकचकीत संगमरवर सोडून प्लास्टरकडे वळावे. कोरणीची खूण तिथेच उतरते.

साचा निघाला नाही तर मात्र काहीच उरत नाही. १८०१ मध्ये त्याने ग्रीक पुराणकथेतल्या जेसन या वीराचा पुतळा मातीत केला. प्लास्टरचा खर्च परवडला नाही आणि तो मोडावा लागला. दुसरा जेसन पाहून १८०३ मध्ये टॉमस होप या श्रीमंत ग्राहकाने तो संगमरवरात मागवला. हाती पडला १८२८ मध्ये!

२४ मार्च १८४४ रोजी कोपनहेगनला परतलेला थोरवाल्डसेन मार्टिन ल्यूथरच्या अर्धपुतळ्यावर काम करत होता. उठताना त्याने मूठभर माती थापली आणि तीत हत्यार खोचून ठेवले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याच संध्याकाळी रॉयल थिएटरमध्ये त्याला मृत्यू आला. ती माती, तीवरच्या हाताच्या ठशासह, पुढे संग्रहालयात काचेखाली ठेवली गेली.