खडी गंमत आणि प्रेक्षक

नाट्यगृहात पडदा वर गेला की दिवे मालवतात. प्रेक्षकाने अंधारात बसून पाहावे व शेवटी टाळ्या वाजवाव्यात, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. आपल्या विदर्भातील खडी गंमतीत असे चालत नाही. येथे ना पडदा, ना नेपथ्य. गावच्या चौकात लोक गोल करून बसतात आणि मध्ये कलावंत उभ्याने खेळ करतात, म्हणून ती 'खडी'. शाहीर, डफ, तुणतुणे आणि स्त्रीवेष घेतलेला नाच्या, एवढा संसार. उजेड दोघांवर सारखाच. एखाद्याने मध्येच टोमणा मारला तर सोंगाड्याला तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागते. पाठ केलेली वाक्ये अशा वेळी कामास येत नाहीत.

बादल सरकार यांनी १९७० च्या दशकात कलकत्त्यात रंगमंच सोडून प्रेक्षकांमध्ये नाटक नेले. 'तिसरी रंगभूमी' म्हणून त्याचा गौरव झाला, तो योग्यच. आमच्या आजोबांना मात्र यात काय नवे, असे वाटले असते!

तरीही प्रेक्षकाच्या या सहभागाचे नुसते कौतुक मला करवत नाही. नाच्याला मारलेल्या शिट्ट्या खेळ संपल्यावर थांबतातच असे नाही. सकाळी मजुरीला जाताना त्या पाठीमागून येतात. मराठी चित्रपटांत नाच्या रंगविणारे गणपत पाटील यांच्याकडेही लोक पडद्याबाहेर त्याच नजरेने पाहत. घरी बायकामुले असलेला हा गृहस्थ. आपल्या स्नेहसंमेलनात स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात आपण कोणत्या नावाने हाक मारतो?