पाच, सहा आणि सात इलेक्ट्रॉन

सुरतेच्या बाजारात हिरा आता दोन वाटांनी येतो. एक वाट जुनी. खाणीतला कच्चा माल वराछा-कतारगामच्या कारखान्यांत घंटीवर, म्हणजे घासण्याच्या चाकावर, चढतो, त्याला पैलू पडतात आणि तो महिधरपुऱ्यात कागदाच्या पुडीतून हातोहात फिरतो. दुसरी वाट प्रयोगशाळेतली, बाजाराच्या बोलीत ‘सीव्हीडी’ची. बंद कक्षात हायड्रोजन आणि थोडा मिथेन सोडून त्यावर मायक्रोवेव्हचा मारा करतात. आत ठेवलेल्या हिऱ्याच्या पातळ चकतीवर, सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअसला, कार्बनचे थर चढत जातात. दोन्ही हिरे अस्सल कार्बनचेच. नुसत्या डोळ्यांनी, अगदी आयग्लास लावूनही, त्यांतला भेद सांगता येत नाही. तो सांगतात अणूंतले इलेक्ट्रॉन.

कक्षाच्या खिडकीतून दिसणारा गुलाबी-जांभळा उजेड हायड्रोजनचा असतो. हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या ठरावीक पातळ्यांवरच राहता येते, मधल्या जागी नाही. तो तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर उतरला की नेमका ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश निघतो. चौथीवरून उतरला तर ४८६चा निळसर. वर्णपटातल्या या रेषांचे कोडे नील्स बोर यांनी १९१३ मध्ये सोडवले. इलेक्ट्रॉन सूर्याभोवतीच्या ग्रहासारखा फिरतो, हे त्यांचे चित्र मात्र टिकले नाही. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांच्या समीकरणाने इलेक्ट्रॉनला तरंगाचे रूप दिले. तो अमुक ठिकाणी आहे असे न म्हणता, तिथे सापडण्याची शक्यता किती एवढेच सांगता येते. शाळेच्या पुस्तकांत अजूनही गोल कक्षा काढतात. सुरुवातीला त्या सोयीच्या असल्या, तरी तिथेच थांबणे बरे नव्हे.

कार्बनकडे सहा इलेक्ट्रॉन. दोन आत, चार बाहेर. हिऱ्यात बाहेरचे चारही इलेक्ट्रॉन चार शेजाऱ्यांशी सारखे बंध जोडतात, एकमेकांशी १०९.५ अंशांचा कोन करून. एकही मोकळा उरत नाही. असंख्य अणू असे एकत्र आले की सुट्या पातळ्यांचे पट्टे होतात आणि भरलेल्या व रिकाम्या पट्ट्यांमध्ये सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची दरी राहते. दृश्य प्रकाशाच्या कणाजवळ ऊर्जा असते जेमतेम १.६ ते ३.२. एवढ्याने इलेक्ट्रॉन दरी ओलांडू शकत नाही, म्हणून प्रकाश शोषलाच जात नाही. शुद्ध हिरा पारदर्शक असण्याचे सारे कारण एवढेच. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमध्ये कार्बन तीनच बंध जोडतो, चौथा इलेक्ट्रॉन थरभर हिंडतो, आणि तोच कार्बन काळा दिसतो.

रंग येतो तो परक्या अणूंमुळे. नायट्रोजनकडे सात इलेक्ट्रॉन. कार्बनच्या जागी तो एकटा बसला की एक इलेक्ट्रॉन जादा उरतो, दरीत एक नवी पातळी उभी राहते, निळा प्रकाश शोषला जातो आणि हिरा पिवळा होतो. बोरॉनकडे पाचच, तिथे एकाची उणीव, त्यातून निळा रंग आणि वीज वाहून नेण्याचा गुण. गोवळकोंड्याच्या मुलखातून सतराव्या शतकात फ्रान्सला गेलेला ‘होप’ हिरा निळा आहे तो बोरॉनमुळेच. दहा लाख कार्बन अणूंमागे एखादा बोरॉन अणूही रंग बदलायला पुरतो.

पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेत कोट्यवधी वर्षे राहिलेल्या हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू सरकत सरकत गट करतात. बहुतेक नैसर्गिक हिरे असेच असतात आणि ते लघुतरंगी अतिनील प्रकाश अडवतात. काही आठवड्यांत वाढलेल्या सीव्हीडी हिऱ्यात नायट्रोजन फार थोडा असतो आणि त्याला गट करायला सवड मिळालेली नसते. त्यातून अतिनील प्रकाश आरपार जातो. तपासणी यंत्रे आधी हेच पाहतात. काही थोडे नैसर्गिक हिरेही नायट्रोजनविरहित असतात, म्हणून अशा खड्यांची पुढे लेझरने परीक्षा होते. ७३७ नॅनोमीटरला चमक दिसली तर ती बहुधा कक्षाच्या क्वार्ट्‌झमधून शिरलेल्या सिलिकॉनची असते, आणि सीव्हीडीकडे बोट दाखवणारी ही ठळक खूण आहे. पुड्यांतून बारीक माल मिसळला जाऊ शकतो अशा बाजारात ही तपासणी ऐच्छिक राहता कामा नये.

दागिन्यात जो दोष, तोच अन्यत्र गुण ठरला आहे. नायट्रोजन अणूशेजारी कार्बनची एक जागा रिकामी राहिली की तिथल्या इलेक्ट्रॉनांची फिरकी हिरव्या लेझरने वाचता येते. जवळ चुंबकीय क्षेत्र असेल तर त्या लेझरने उठणारी लाल चमक बदलते. अत्यंत क्षीण चुंबकीय क्षेत्रे मोजणारे संवेदक यावर उभे राहत आहेत. मुंबईच्या आयआयटीत अशा हिऱ्यांवर संशोधन चालते, आणि केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत क्वांटम संवेदन व मापनाचे केंद्र याच संस्थेकडे आहे.