सुनीता विल्यम्स ८ दिवसांसाठी गेल्या आणि २८६ दिवस राहिल्या: यानात नक्की बिघडलं काय होतं?

साताऱ्याहून कराडमार्गे सांगलीला एसटीने जायचं तर तीनेक तास मोडतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक तेच सव्वाशे किलोमीटर अंतर १६ सेकंदांत कापतं, तेही आपल्या डोक्यावर ४०० किलोमीटर उंचीवरून. सुनीता विल्यम्स २००६ पासूनच्या तीन मोहिमांत मिळून ६०८ दिवस अंतराळात राहिल्या. पण लोकांच्या लक्षात राहिली ती तिसरी मोहीम.

५ जून २०२४ ला त्या आणि बुच विल्मोर बोइंगच्या स्टारलायनर यानातून निघाले. या यानाची माणसं घेऊन ही पहिलीच फेरी होती. स्थानकाजवळ पोचताना २८ पैकी ५ थ्रस्टर बंद पडले. थ्रस्टर म्हणजे यानाला वळवणारी छोटी इंजिनं. शिवाय इंधनाला ढकलणारा हेलियम वायूही गळत होता.

कारण शोधायला नासाने जमिनीवर तशाच थ्रस्टरची चाचणी घेतली. वारंवार चालवल्यावर ते तापत होते आणि आतलं टेफ्लॉनचं सील फुगून इंधनाची वाट अडवत होतं. प्लंबर नळाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळतो ना, ती याच पदार्थाची. घरात वायसर फुगला तर नळाची धार बारीक होते, इतकंच. इथे मात्र परतताना यानाचं तोंड बरोबर दिशेला धरायला हेच थ्रस्टर लागणार होते.

मग प्रश्न उरला: यात बसवून आणायचं का? नासासमोर २००३ चा कोलंबिया अपघात होता. उड्डाणावेळी फोमचा तुकडा पंखावर आदळलेला व्हिडिओत दिसला होता, पण धोका नाही असं ठरवलं गेलं. परतताना कल्पना चावलांसह सातही जण गेले. यावेळी स्टारलायनर रिकामंच परत पाठवलं. सप्टेंबरमध्ये ते नीट उतरलंसुद्धा! म्हणून निर्णय चुकला असं मला वाटत नाही, कारण ते उतरेल हे आधी कुणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं.

‘अडकल्या’ हा शब्दही अर्धाच खरा. सप्टेंबरअखेर स्पेसएक्सचं ड्रॅगन यान त्यांच्यासाठी दोन जागा रिकाम्या ठेवून आलं आणि तिथेच थांबलं. पुढची टीम यायची वाट पाहून दोघं १८ मार्च २०२५ ला परतले. मधल्या काळात विल्यम्स स्थानकाच्या कमांडर होत्या.

बिघाड काही त्यांना नवा नव्हता. २०१२ मध्ये स्थानकाबाहेर विजेचा एक मोठा बॉक्स बसवताना बोल्ट फिरेना, आट्यांत धातूचा चुरा अडकलेला. साफ करायला वापरला चक्क टूथब्रश! बोल्ट बसला.

स्थानक तुम्हालाही दिसू शकतं. नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ ॲपमध्ये आपलं गाव टाका, वेळ आणि दिशा मिळेल. ती वेळ पहाटेची किंवा संध्याकाळचीच असते, कारण तेव्हा खाली अंधार असतो आणि वर स्थानकावर ऊन. विमानासारखं ते लुकलुकत नाही. एकसारखा पांढरा ठिपका सरकत जातो आणि कधी आकाशाच्या मध्येच विझतो. तेव्हा ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. फोटो हवा असेल तर फोन भिंतीला टेकवून ठेवा आणि प्रो मोडमध्ये शटर १० सेकंदांवर न्या. फोटोत ठिपक्याऐवजी रेघ येईल.